रमण्यावरची दक्षिणा आणि मराठी ग्रंथकार

शिक्षणाच्या उपयोगाचें कांहीं लिहून चार पैसे मिळविण्याची वाट होतकरू लेखक नेहमींच शोधीत असतो. मराठींत ही वाट प्रथम कोठून फुटली हें पाहूं गेल्यास पाय पर्वतीच्या पायथ्याशीं, पेशव्यांच्या रमण्यावर, जाऊन थांबतात.

श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा प्रघात मूळ तळेगांवच्या दाभाडे सेनापतींचा. १७३१ त डभईच्या रणांत त्रिंबकराव पडल्यावर तो थोरल्या बाजीरावांनीं पुण्यास चालविला. पुढें त्याचा खर्च लाखांच्या घरांत गेला. १८१८ त राज्य गेलें. एल्फिन्स्टननें मात्र ही देणगी एकदम तोडली नाहीं. ती सालीना ५०,००० रुपयांवर आणली, आणि तिच्याच एका भागांतून १८२१ त पुण्यास संस्कृत पाठशाळा काढिली. तरी पैसा मिळे तो शास्त्रांच्या अध्ययनाला. देशभाषेंत ग्रंथ लिहिणाराचा त्यावर कांहीं हक्क नव्हता.

१८४९ त लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख व पुण्यांतील नवशिक्षित तरुण यांनीं अर्ज केला कीं, या रकमेचा कांहीं अंश मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा. शहरांत केवढा गहजब झाला! जोतीराव फुल्यांनीं आपलीं माणसें जमवून अर्जदारांचें रक्षण केलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर १८५१ त दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली, आणि मराठी पुस्तक लिहून बक्षीस मागण्याची सोय झाली.

सोय झाली म्हणजे द्वार मोकळें झालें असें मात्र नव्हे. सरकारी शाळांच्या पुस्तकांची भाषा तपासण्याचें काम वर्षानुवर्षें मेजर थॉमस कँडी यांजकडे होतें. ज्या भाषेचीं शतकें ओवी-अभंगांत गेलीं, तिच्या गद्यास एका परकी गृहस्थाची संमति लागावी हें चमत्कारिक खरें. पण मोल्सवर्थच्या बरोबरीनें कोशावर खपलेला हा मनुष्य नुसता अंमलदार नव्हता, इतकें आम्हांस म्हटलें पाहिजे.

कमिटीच्या दाराशीं मात्र निराळाच अडसर होता. १८५५ त फुल्यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहून तिजकडे पाठविलें. गर्भार कुणबीण व तिचा नवरा यांस जोशी ग्रहांचें भय घालून नागवतो, मधून मधून विदूषक त्यावर बोलतो, आणि शेवटीं तें जोडपें जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकण्याचा निश्चय करतें, असें त्याचें कथानक. शिक्षणाच्या उपयोगाचें लेखन याहून उघड तें कोणतें असावें? पण नाटक नापसंत झालें. ब्राह्मण सभासदांपुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें फुल्यांनीं मागाहून लिहून ठेविलें आहे. ही एका पक्षाची साक्ष, हें खरें. तथापि ज्या दक्षिणेच्या वांटणीसाठीं हा गृहस्थ सहा वर्षांपूर्वीं अर्जदारांच्या पाठीशीं उभा राहिला, तिच्यांतील एक पैहि त्याच्या नाटकाच्या वांट्यास आली नाहीं.

फुल्यांनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. चरितार्थास कंत्राटें होतीं. १८६९ त त्यांचा शिवाजीमहाराजांवरील पवाडा निघाला, १८७३ त ‘गुलामगिरी’. नाटक मात्र हस्तलिखितांतच पडून राहिलें. तें छापून वाचकांच्या हातीं पडावयास १९७९ साल उजाडावें लागलें.