लेखकाची भग्न पाठ आणि पृष्ठवंशाची शल्यक्रिया

जुन्या हस्तलिखितांचा ज्यांस नाद आहे, त्यांना पोथीच्या शेवटीं येणारा एक श्लोक बहुधा तोंडपाठ असतो. लेखनाच्या श्रमानें पाठ, कंबर व मान यांची काय दशा झाली हें सांगून लेखक त्यांत ग्रंथ जपण्याची विनंती करतो. आम्ही संग्राहक त्या विनंतीस मान देतों व पोथी रुमालांत बांधून ठेवतों. तक्रारीकडे मात्र ठराविक शब्दांची एक रीत म्हणून दुर्लक्ष करतों. परंतु मांडी घालून, वांकून, दिवसचे दिवस बोरूनें लिहिणाऱ्या माणसाची ती खरीखुरी व्यथा होती, आणि पोथ्या वाचणाऱ्यांचीहि ती आहे. त्या व्यथेविषयीं आपल्या शल्यतंत्रास काय ठाऊक होतें आणि तीवर तें शस्त्र चालवीत होतें काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. निमित्त असें कीं, सुश्रुताच्या काळीं मणक्याच्या शस्त्रक्रिया होत असत, असें विधान अलीकडे व्याख्यानांतून आमच्या कानीं वारंवार येतें.

प्रथम अस्थिगणना पाहूं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत पांचव्या अध्यायीं शल्यतंत्राप्रमाणें ३०० हाडें मानिलीं असून त्यांपैकीं पाठींत ३० व मानेंत ९ सांगितलीं आहेत. चरकाची एकूण संख्या ३६०. त्याच्या मतें पाठींत ४५ व मानेंत १५. आजच्या शारीरशास्त्राप्रमाणें मानेचे ७, पाठीचे १२, कंबरेचे ५, आणि त्यांखालीं एकजीव झालेले त्रिकाचे ५ व माकडहाडाचे बहुधा ४, मिळून ३३ मणके होतात. कोणता भाग स्वतंत्र हाड धरावयाचा यावर संख्या अवलंबून असल्यामुळें हा फरक पडतो. हर्नले यांनीं १९०७ सालच्या आपल्या ग्रंथांत या गणनांची बारीक छाननी केली आहे. पाठीचा कणा हा एकच दांडा नसून अनेक हाडांची माळ आहे, एवढें मात्र दोन्ही आचार्यांस ठाऊक होतें.

रोगांपैकीं आमच्या विषयास सर्वांत जवळचा रोग गृध्रसी हा होय. चरकाच्या चिकित्सास्थानांत २८ व्या अध्यायीं याची वेदना ढुंगणापासून निघून कंबर, पाठ, मांडी, गुडघा व पोटरी या क्रमानें पावलापर्यंत उतरते असें वर्णिलें आहे. सुश्रुत एक मार्मिक लक्षण देतो : रोग्यास पाय उचलतां येत नाहीं. आजचा डॉक्टरहि रोग्यास उताणें निजवून त्याचा सरळ पाय वर उचलून पाहतो. ही परीक्षा युरोपांत १८८१ सालीं लासेग याच्या शिष्यानें प्रसिद्ध केली. तेव्हां लक्षणें जुळतात यांत संशय नाहीं. पण कारण जुळत नाहीं. सुश्रुत रोगाचें मूळ टांच व बोटें यांकडील वातदूषित कंडरांत पाहतो. मणक्यांमधील गादी सरकून नस दाबली जाते, ही कल्पना तेथें नाहीं. लक्षणाच्या साम्यावरून निदानाचें साम्य ठरविणें म्हणजे अक्षराच्या वळणावरून ग्रंथाचा कर्ता ठरविण्यासारखें आहे.

आतां चिकित्सा. गृध्रसीवर सुश्रुतानें गुडघ्याच्या सांध्यापासून चार अंगुळें वर किंवा खालीं शिरावेध सांगितला आहे. चरकानें शिरावेध, बस्ति व अग्निकर्म हे उपाय दिले आहेत. येथें शस्त्र चालतें तें पायावर, कण्यावर नव्हे. कणाच मोडल्यास काय करावें हेंहि सुश्रुत सांगतो. भग्नचिकित्सेंत त्यानें कपाटशयन वर्णिलें आहे. रोग्यास फळीवर निजवून पांच खुंट्यांच्या आधारानें मोडलेला भाग हलणार नाहीं असा बांधावयाचा. हा विधि मुख्यतः पायाच्या हाडांसाठीं असून तोच पृष्ठवंशासहि लावावा असें स्पष्ट म्हटलें आहे. कणा उघडण्याचा विधि संहितेंत आम्हांस कोठेंहि आढळला नाहीं.

याचें कारण कौशल्याचा अभाव म्हणावें, तर पुण्याचाच एक प्रसिद्ध दाखला आड येतो. इंग्रजी फौजेकडे बैल हांकणाऱ्या कावसजीचें नाक व एक हात टिपूच्या कैदेंत कापण्यांत आला होता. पुढें पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका कसबी इसमानें कपाळाच्या कातड्याचें नवें नाक त्यास बसविलें. ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत छापून आली. ज्या देशांत हें कसब परंपरेनें टिकलें, त्या देशाच्या शल्यज्ञांनीं कण्यास हात कां लाविला नाहीं? आमच्या मतें उत्तर मर्मविचारांत आहे. सुश्रुतानें पाठीवर १४ मर्में मोजिलीं असून त्यांतील कुकुंदर मर्मास इजा झाल्यास कंबरेखालील शरीराची संवेदना व हालचाल जाते असें लिहिलें आहे. ज्यानें हें पाहिलें होतें त्यानें तेथें सुरी घातली नाहीं, हा त्याचा विवेक होय. १८६२ सालीं लक्झर येथें एडविन स्मिथ यानें विकत घेतलेल्या मिसरी पपायरसांतहि मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेला रोगी असाध्यच गणिला आहे.

शस्त्र कण्यापर्यंत पोंचण्यास तीन गोष्टी आधीं घडाव्या लागल्या. १८४६ सालीं बोस्टन येथें ईथरच्या भुलीचा जाहीर प्रयोग झाला. १८६७ त, म्हणजे पुण्याचें ससून रुग्णालय उघडलें त्याच सालीं, लिस्टरनें जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धति प्रसिद्ध केली. १८९५ त राँटगेनला क्ष-किरण सांपडले. मग १९११ मध्यें अमेरिकेंत हिब्स व अल्बी यांनीं मणके एकमेकांस जोडण्याच्या क्रिया प्रसिद्ध केल्या, आणि १९३४ मध्यें मिक्स्टर व बार यांनीं सरकलेली गादी हें पायांतील कळेचें एक कारण असून ती काढल्यास रोगी बरा होतो, हें दाखवून दिलें.

आजची व्यवस्था थोडक्यांत अशी. सरकलेल्या गादीचा नसेवर दाबणारा तुकडाच सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें काढितात. वयोमानानें कण्याची पोकळी अरुंद झाल्यास मागील हाडाचा भाग काढून मज्जातंतूंस जागा करून देतात. मणका पुढें घसरला असल्यास स्क्रू व सळया घालून मणके जोडतात. परंतु गादीच्या दुखण्यानें पिडलेल्या बहुतेकांची कळ औषध, व्यायाम व माफक हालचाल यांनींच कांहीं आठवड्यांत ओसरते. शस्त्राची गरज थोड्यांसच पडते. मणक्याच्या क्षयाचेंहि तसेंच. त्यानें कुबड येऊन पाय लुळे पडतात हें पॉट यानें १७७९ सालीं लिहिलें. औषधें निघाल्यावर सरसकट शस्त्र करावें कीं नाहीं असा वाद माजला. काशीचे डॉ. तुली यांनीं १९७५ सालीं मध्यम मार्ग मांडला : औषध सर्वांस, शस्त्र निवडक रोग्यांस. सुश्रुताचा गुरु दिवोदास काशीचाच राजा म्हणून सांगितला आहे, ही गोष्ट येथें सहज आठवते.

हा वाद केवळ पंडिती नाहीं. वैद्यकाच्या पोथ्यांचे संग्राहक असलेले आमचे एक स्नेही गृध्रसी म्हणजे वातच, असें धरून तेल व शेक यांवर विसंबले. पाय दुबळा होत चालला असतांहि त्यांनीं चार महिने दवडले. शेवटीं शस्त्रक्रिया झाली, कळ गेली. परंतु पाऊल अद्याप पुरतें उचललें जात नाहीं. पायाचें बळ उत्तरोत्तर कमी होणें, बैठकीची जागा बधिर होणें, लघवी व शौच यांवरील ताबा सुटणें, ही लक्षणें दिसतांच एक दिवसहि न थांबतां शल्यज्ञाकडे जावें. प्राचीनांस सर्व ठाऊक होतें असें म्हणून त्यांचा गौरव होत नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें किती अचूक पाहिलें आणि कोठें हात आंखडता घेतला, हें सांगण्यांतच तो आहे.

दक्षिणेंतील घराण्यांतून वैद्यकाचीं मराठी बाडें अद्याप पुष्कळ पडून आहेत. त्यांपैकीं कोणांत कण्यावरील शस्त्रकर्माचा लेख कोणास आढळल्यास त्यानें त्याची नक्कल, पोथीचा काल व लेखकाचें नांव यांसह अवश्य पाठवावी. आमचें मत आम्ही आनंदानें बदलूं. तोंपर्यंत पोथी उंच चौरंगावर ठेवून, पाठ ताठ करून वाचावी आणि घटकाभरानें उठून चार पावलें चालावें, एवढी विनंती.