शब्दांच्या जाती, इंग्रजी व्याकरणातील

वाक्यातील कार्यानुसार इंग्रजी शब्दांचे केलेले वर्गीकरण. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अशा आठ जाती शाळेत शिकवल्या जातात. हा आराखडा मुळात ग्रीक व्याकरणाचा. ग्रीकच्या आठ जातींत उपपद होते, पण लॅटिनमध्ये ते नव्हते. तेथील वैयाकरणांनी केवलप्रयोगी अव्ययाला स्वतंत्र स्थान देऊन आठाचा आकडा राखला. विशेषण मात्र दीर्घकाळ नामातच मोडत असे. वैयाकरण लिंडली मरे यांनी १७९५ च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात उपपद धरून नऊ जाती मानल्या. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या मराठी व्याकरणावरही इंग्रजी व्याकरणाची छाप आहे. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला ही नावे आधीच ओळखीची असतात.

खरी अडचण पुढे येते. इंग्रजीत एकच शब्द रूप न बदलता जात बदलतो. ‘अ फास्ट ट्रेन’मध्ये ‘फास्ट’ विशेषण, ‘शी रन्स फास्ट’मध्ये क्रियाविशेषण, ‘दे फास्ट ऑन मंडेज’मध्ये क्रियापद, तर ‘ही ब्रोक हिज फास्ट’मध्ये नाम (म्हणजे उपवास सोडला). म्हणून सुटे शब्द देऊन जाती पाठ करून घेण्याची पद्धत कुचकामी ठरते. आधी वाक्य हवे. शब्दयोगी अव्ययाचे स्थानही उलटे: मराठीत ‘टेबलावर’, इंग्रजीत ‘ऑन द टेबल’.

भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रीझ यांनी १९५२ मध्ये ही जुनी नावेच टाकून शब्दांचे चार मुख्य वर्ग आणि कार्यशब्दांचे पंधरा गट मांडले. शाळांमध्ये मात्र आठ जातीच टिकून राहिल्या.