उस्मानिया बिस्किटं आणि आमचं हैदराबाद

इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या आपल्या लोकांना कुणी विचारलं की तुम्ही इकडे कसे आलात, तर उत्तर तोंडावर असतं. होळकरांबरोबर, शिंद्यांबरोबर, गायकवाडांबरोबर. पणजोबांचे पणजोबा घोड्यावर बसलेले असतात, निदान घोड्याच्या मागे तरी चालत असतात. हैदराबादच्या मराठी माणसाला हाच प्रश्न विचारला की तो जरा थांबतो. कारण आम्ही कुणाच्या फौजेबरोबर गेलो नाही. आमची गावंच निजामाच्या राज्यात होती. परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे सोळांपैकी पाच जिल्हे मराठी, आठ तेलुगू, तीन कानडी आणि सरकारी भाषा उर्दू. हायकोर्ट हैदराबादला, कचेऱ्या हैदराबादला, कॉलेज हैदराबादला. त्यामुळे तुमचे पूर्वज तलवार घेऊन आले असतील, आमचे कोर्टाची तारीख घेऊन आले.

माझे आजोबा परभणीकडचे. मनमाड-काचीगुडा ही मीटरगेज गाडी मराठवाड्यातून थेट आमच्या दारात यायची म्हणा ना. १९१६ साली बांधलेलं काचीगुडा स्टेशन आणि त्याच्या आसपास, बडी चावडी, सुलतान बाजार, इसामिया बाजार, या पट्ट्यात मराठी बिऱ्हाडं वाढली ती काही उगाच नाही. गाडीतून उतरून ट्रंक डोक्यावर घेऊन जिथपर्यंत चालत जाता येईल तिथे माणूस खोली बघतो. याच भागात १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा निघाली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक ही त्यामागची माणसं. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं हे लक्षात घेतलं, म्हणजे त्या शहरात मराठी शाळा चालवणं काय होतं ते कळेल. कोरटकरांच्या नावाची केशव मेमोरियल शाळा नारायणगुड्यात आहे.

मी १९५१ ची. जन्म हैदराबादचाच. बावीस वर्षं तिथे काढून लग्न होऊन इंदूरला आले, आणि आता इथे पन्नासच्या वर वर्षं झाली. सुरुवातीला माझं ‘काय करायलीस’, ‘जायलोय’ ऐकून सासरी सगळे हसायचे. (इंदूरकरांनी दुसऱ्याच्या मराठीला हसावं, हे एक बरं आहे!) आता माझी नातवंडंच ‘आजी, बनून गेलं का?’ असं विचारतात आणि मी काही बोलत नाही.

तर ही नातवंडं. नात बारा वर्षांची, नातू आठचा. त्यांना इतिहास सांगायला बसलं की दहाव्या मिनिटाला पाय हलायला लागतात. पण हात पिठात असले की तासभर ऐकतात. म्हणून गेली दोन-तीन वर्षं सुट्टी लागली की आम्ही उस्मानिया बिस्किटं करतो, आणि मी ट्रेवर बिस्किटं मांडता मांडता त्यांना हैदराबाद सांगते.

ज्यांनी खाल्ली नसतील त्यांच्यासाठी सांगते. हे बिस्कीट गोलच असतं, फिकट सोनेरी, मधे किंचित गडद. पहिला घास गोड लागतो आणि मागून खारट येतं. ते खारटपण नसेल तर ती नुसती नानकटाईची बहीण. इराण्याच्या हॉटेलात दाट दुधाच्या चहाबरोबर ती मिळायची. तिथे ‘पौना’ मागितला की पाऊण कप चहा येतो. अर्थात हे सगळं मला माझ्या भावांकडून ठाऊक. आम्ही मुली काही इराण्याकडे जाऊन बसत नव्हतो. आमच्या वाट्याला यायची ती कागदी पुडीतली बिस्किटं, तळाशी तुपाचा डाग पडलेली.

नाव अर्थातच सातव्या निजामावरून, मीर उस्मान अली खान, गादीवर १९११ साली आला. बिस्किटाच्या जन्माच्या गोष्टी दोन सांगतात. एक अशी की उस्मानिया दवाखान्यातल्या रुग्णांना ताकद यावी म्हणून ते केलं. दुसरी अशी की खुद्द निजामाला आवडलं म्हणून त्याचं नाव दिलं. भावाचं मत पहिल्या गोष्टीकडे, माझं तिसरंच आहे. त्या काळात हैदराबादेत काहीही नवं निघालं की त्याला उस्मानच चिकटायचं. विद्यापीठ उस्मानिया, दवाखाना उस्मानिया, तलाव उस्मानसागर, जिल्हा उस्मानाबाद, नाणं उस्मानिया सिक्का. तिथे एका बेकरीवाल्यानेच वेगळं नाव कशाला शोधावं?

तो सिक्का मात्र मुलांना फार आवडतो. हाली सिक्का म्हणायचे त्याला. निजामाचे सात रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा. सोलापूरला गेलं की बदलून घ्यायचा. नातवाने बिस्किटांवर हा हिशेब करून पाहिला आणि सोलापूरला जाऊन आपलं एक बिस्कीट कमी होतं म्हणून रुसून बसला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक भट्टी होती. दिवाळीच्या आधी आठ दिवस तिथे मराठी बायकांची रांग. मैदा, पिठीसाखर, तूप घरून न्यायचं, नानकटाई तिथे करून घ्यायची, भाजणावळ द्यायची आणि डबा भरून आणायचा. डब्यात नावाची चिठ्ठी. इंदुरात, बडोद्यात, पुण्यात सगळीकडे ही पद्धत होती, तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. डबा पोचवणं आणि आणणं हे पोरांचं काम. काळे पत्रे लांब दांड्याने बाहेर ओढले की जो वास सुटायचा, तो घरच्या ओव्हनला येत नाही. ओव्हनचा दोष नाही, त्यात लाकूड नाही. भट्टीवाल्यांना आम्ही चाचा म्हणायचो. ते लातूरजवळच्या एका खेड्यातले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. त्यामुळे चाचा आमच्या नानांशी मराठीतच बोलायचे, आणि नाना, म्हणजे माझे वडील, त्यांच्याशी उर्दूत. नाना वकील. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, वाण्याचा हिशेबसुद्धा उर्दूत लिहायचे.

मागच्या सुट्टीत नातवाने मैद्यात बोट घालून विचारलं, “आजी, निजाम वाईट होता ना? मग आपण त्याचं बिस्कीट का खातो?” कुठून तरी मोबाईलवर पाहिलं असणार.

त्याला मी एवढंच सांगितलं की तुझी आजी त्याच्याच नावाच्या दवाखान्यात जन्मली, आणि बिस्कीट निजामाने नाही, चाचांसारख्या लोकांनी केलं. पण नात बारा वर्षांची. तिला तेवढ्यावर सोडता येत नाही. नातू खेळायला गेल्यावर तिला जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण आपल्यात याबद्दल दोनच प्रकारे बोललं जातं. एक ‘आमच्या हैदराबादेत सगळे कसे गुण्यागोविंदाने राहायचे’, आणि दुसरं नुसतं रक्त. मला दोन्ही पटत नाहीत.

१९४७-४८ साली कासिम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ सुरू होता. हा रझवीही लातूरचाच वकील. आमच्या गावचा वाडा रझाकारांनी लुटला, चुलत आजोबांना मारलं. आईला आणि मोठ्या भावाला घेऊन आजी सोलापूरला गेली. असे हजारो लोक तेव्हा सोलापूर, बार्शी, नागपूर, विजयवाड्याकडे निघून गेले होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत आलं, मुख्य फौज सोलापूरकडूनच. १७ तारखेला निजाम शरण आला. आई सांगायची की त्या दिवशी सोलापुरात अनोळखी माणसं एकमेकांना साखर देत होती.

इथपर्यंत आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. पुढचं नानांनी मला लग्न ठरल्यावर सांगितलं. सैन्य आल्यानंतर मराठवाड्यातल्या आणि कर्नाटकाकडच्या जिल्ह्यांत, खेड्याखेड्यांत मुसलमानांना मारलं गेलं. सुंदरलाल समितीने फिरून पाहणी केली आणि सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल पुढे साठ-पासष्ट वर्षं लोकांपुढे आलाच नाही. चाचांचा धाकटा भाऊ त्यात गेला, स्वतःच्या गावात. त्याची बायको आणि तीन मुलं भट्टीच्या मागच्या खोलीत राहायला आली, आणि मी लहानपणी ज्यांच्याबरोबर सागरगोटे खेळले ती हीच मुलं.

नातीने विचारलं, “नानांना हे माहीत होतं आणि चाचांना आपलं?”

हो. दोघांनाही दोन्ही माहीत होतं. त्यावर ते एकमेकांशी कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. दिवाळीला नाना स्वतः भट्टीवर जायचे, घरात तीन मुलगे असताना. चाचा त्यांना स्टूल द्यायचे. नाना तिथे बसून उर्दू वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि चाचा पत्रे ओढायचे. एवढंच.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ट्रे फिरवायला पाहिजे, मागची जास्त लाल होतायत.

आमच्या घराचं गाव सुटलं ते १९४८ ने नाही, १९५६ ने. हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये, तेलंगण आंध्रात. मराठवाड्याच्या दृष्टीने आनंदच होता, नानांनाही झाला. पण हैदराबाद शहरातल्या मराठी माणसाच्या पायाखालची सतरंजी दुसऱ्याच्या घरात गेली. सरकारी नोकरांची वाटणी झाली. काका सचिवालयात होते, ते मुंबईला गेले. शेजारची दोन बिऱ्हाडं औरंगाबादला. विवेकवर्धिनीच्या वर्गांत बाकं रिकामी दिसायला लागली असं भाऊ सांगतो. नानांची वकिली उर्दूतली, ती घेऊन ते मुंबईला काय करणार? ते राहिले. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात मात्र रोज संध्याकाळी जायला लागले, पूर्वी आठवड्यातून एकदा जायचे.

त्याच सुमारास शहरात नवी माणसंही येऊन बसत होती. खानचंद रमनानी हे सिंधमधून आलेले गृहस्थ. त्यांनी १९५३ साली मोअज्जमजाही मार्केटजवळ कराची बेकरी काढली. त्यांची फ्रूट बिस्किटं आज जगभर जातात. या नावावरून अधूनमधून वाद घालतात लोक. मला त्यात वाद घालण्यासारखं काही दिसत नाही. सुटलेल्या गावाचं नाव त्यांनी पाटीवर लिहिलं. काका मुंबईच्या दोन खोल्यांत राहून शेवटपर्यंत ‘आपल्याकडे’ म्हणजे हैदराबादला असंच म्हणायचे, त्यांच्याकडे पाटी नव्हती इतकंच. वर्षातून दोनदा नाना त्यांना उस्मानियाचा डबा पाठवायचे, जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती. डबा पोचेपर्यंत वरचा थर शाबूत असायचा, खाली चुरा. काकू तो चुरा दुधात घालून मुलांना द्यायची.

आता कृती, कारण इतकं लिहून कृती न देणं बरं नव्हे. दीडशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम लोणी, साठ ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर, दोन मोठे चमचे दूध पावडर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, वेलदोड्याची पूड. लोणी आणि साखर हलकी होईपर्यंत फेसायची (हे नातवाचं काम, दमला की आपोआप शांत होतो), बाकीचं कोरडं चाळून मिसळायचं, लागलं तर चमचाभर दूध. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये. मग जाडसर लाटून वाटीने गोल कापायचे. वरून केशर घातलेलं दूध बोटाने लावायचं. १७० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊच असतात, हात लावू नये, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. मुलांना हे थांबणं सर्वांत अवघड जातं, तेव्हाच हाली सिक्क्याची गोष्ट काढायची.

या वेळी नातीने एक डबा काकांच्या मुलीला, माझ्या चुलत बहिणीला, डोंबिवलीला कुरिअरने पाठवला. बहीण आता सत्त्याहत्तरची. हैदराबाद सोडलं तेव्हा शाळेत जायला लागली होती. चार दिवसांनी तिचा फोन आला, मला नाही, नातीला. म्हणाली, बिस्किटं पोचली, एकही मोडलं नाही, छान झालीत, पण मीठ आणखी चिमूटभर पाहिजे होतं. नातीने वहीत अर्धा चमचा खोडून ‘अर्धा चमचा आणि वर चिमूट’ असं लिहिलंय. तुम्हीही तसंच घाला.