घरीं जुळविलेला संगणक

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझी नात एक कागद घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. कागदावर सात-आठ ओळी होत्या; प्रत्येक ओळींत एका सुट्या भागाचें नांव आणि त्यापुढें त्याची किंमत. खालीं बेरीज मांडलेली होती, आणि ती तिच्या वडिलांनीं मंजूर केलेल्या रकमेहून नऊ हजार रुपयांनीं जास्त भरत होती. "आजोबा, यांतलें काय कापूं?" असा तिचा प्रश्न. तयार यंत्र न आणतां, एकेक भाग निवडून आपल्या हातानें संगणक जुळवावयाचा असा तिचा निश्चय होता. मी पडलों मॅट्रिक झालेला जुना मास्तर. जन्मभर मुलांना गणित आणि इतिहास शिकविला, संगणकशास्त्र नव्हे. परंतु तो कागद पाहतांच मला वाटलें कीं हा प्रश्न आजचा नाहीं. पन्नास वर्षांपूर्वीं कॅलिफोर्नियांतील एका तरुणानें असाच कागद पुढें घेऊन हाच प्रश्न स्वतःला विचारला होता, आणि त्याच्या उत्तरांतून फार मोठा इतिहास घडला. तोच आज आपणांस सांगण्याचा विचार आहे.

१९७५ सालच्या जानेवारींत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'ऑल्टेर ८८००' नांवाच्या संगणकाचें चित्र झळकलें. तोंपर्यंत संगणक म्हणजे सरकारचें, बँकेचें किंवा विद्यापीठाचें यंत्र. गृहस्थानें तें घरीं आणावें ही कल्पनाच हास्यास्पद होती. न्यू मेक्सिकोंतील आल्बुकर्क गांवीं एड रॉबर्ट्स नांवाचे गृहस्थ 'मिट्स' ही लहानशी कंपनी चालवीत असत. हिशेबाचीं छोटीं यंत्रें विकण्याचा त्यांचा धंदा; पण त्या यंत्रांच्या किंमती कोसळल्या आणि कंपनी कर्जांत बुडाली. त्यांनीं शेवटचा डाव म्हणून हा संगणक काढला. त्याचा मेंदू म्हणजे इंटेल कंपनीचा ८०८० हा प्रोसेसर. किरकोळ बाजारांत या एका चिपेची किंमत ३६० डॉलर होती. रॉबर्ट्स यांनीं घाऊक सौदा करून ती ७५ डॉलरांस मिळविली, आणि सुट्या भागांचा अख्खा संच ३९७ डॉलरांना देऊं केला. जवळजवळ एका चिपेच्या भावांत सारा संगणक! मागण्यांचा पाऊस पडला. गमतीची गोष्ट अशी कीं, मासिकाकडे पाठविलेला पहिला नमुना वाटेंतच हरवला, आणि मुखपृष्ठावर छापलें गेलें तें चित्र आंतून पोकळ असलेल्या डब्याचें होतें.

संच घरीं आल्यावर तापल्या सळईनें कथिलाचे डाग देऊन शेंकडों भाग जोडावे लागत. इतकें करून हातीं काय येई? ना पडदा, ना अक्षरांची पाटी. समोर खटक्यांची ओळ आणि लुकलुकणारे दिवे. स्मृति अवघी २५६ अक्षरांची. या भाषणाचीं पहिलीं चार वाक्यें देखील तींत मावलीं नसतीं. स्मृति वाढवावयाची, तर निराळें पैसे भरून कार्ड घ्यावें. आणि कंपनीनें काढलेलीं स्मृतीचीं मोठीं कार्डें तर बेभरंवशाचीं म्हणून कुप्रसिद्ध झालीं. स्वस्त यंत्र घ्यावें आणि तें कामाचें व्हावें म्हणून मागाहून दुप्पट खर्चावें, हा अनुभव तेव्हांपासूनचा आहे.

त्याच वर्षीं ५ मार्च रोजीं कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटारखान्यांत तीसएक हौशी मंडळी जमलीं. हीच पुढें 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' म्हणून प्रसिद्ध झालेली मंडळी. त्यांत स्टीव्ह वॉझ्नियाक नांवाचा चोवीस वर्षांचा तरुण होता. ह्यूलेट-पॅकर्ड कंपनींत तो हिशेबयंत्रांची रचना करीत असे. ऑल्टेरची किंमत त्याच्या आवांक्यांतली नव्हती. आपण स्वतःच संगणक रचावा असें त्यानें ठरविलें आणि कागदावर आंखणीस आरंभ केला. मोटोरोला कंपनीचा ६८०० हा प्रोसेसर बाजारांत १७५ डॉलर पडे; त्याच्या कंपनींतील नोकरांना तो सवलतीनें ४० डॉलरांस मिळे. म्हणून त्यानें ६८०० धरूनच नकाशा काढला.

आणि येथेंच त्या पंचवीस डॉलरांच्या चिपेचा प्रवेश होतो. चक पेडल नांवाचे एक अभियंते मोटोरोलांत होते. ते ग्राहकांकडे फिरत आणि एकच तक्रार ऐकत: चिप उत्तम, पण किंमत न परवडणारी. स्वस्त चिप काढण्याची त्यांची सूचना वरिष्ठांना पटली नाहीं. तेव्हां कांहीं सहकाऱ्यांसह त्यांनीं पेनसिल्व्हानियांतील 'मॉस टेक्नॉलॉजी' या कंपनीची वाट धरली. आतां चिप स्वस्त कशी होते हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सिलिकॉनच्या एका तबकडीवर पुष्कळ चिपा एकदम छापल्या जातात. त्यांतल्या जितक्या निकामी निघतील, तितका त्यांचा भार चांगल्या चिपांच्या किंमतीवर पडतो. मॉस कंपनीपाशीं छपाईच्या नकाशांतील दोष दुरुस्त करण्याची हातोटी होती. शिवाय पेडल यांनीं नको ती कलाकुसर गाळून चिपेचा आकार लहान केला. लहान चिप म्हणजे एका तबकडीवर जास्त चिपा, आणि निकामी निघण्याचा संभव कमी. अशी ती ६५०२ नांवाची चिप जन्मास आली.

१९७५ च्या सप्टेंबरांत सॅन फ्रान्सिस्को येथें 'वेस्कॉन' हें प्रदर्शन भरलें. प्रदर्शनाच्या जागेंत विक्रीस मनाई होती, म्हणून पेडल यांनीं जवळच्या हॉटेलांत खोली घेतली. तेथें काचेच्या बरण्या भरभरून चिपा मांडल्या होत्या. एकेक चिप पंचवीस डॉलरांस! आपल्याकडे वाण्याच्या दुकानांत लिमलेटच्या गोळ्या असाव्यात, तशा. बरणीच्या तळाशीं असलेल्या चिपा चालणाऱ्या नव्हत्या, केवळ बरणी भरलेली दिसावी म्हणून त्या घातल्या होत्या, असें पुढें खुद्द पेडल यांनींच सांगितलें. व्यापारांत हें क्षम्य कीं अक्षम्य, तें श्रोत्यांनीं ठरवावें. मला मात्र तळचें नासकें फळ झांकणारी पाटी आठवते. तें कसेंहि असो, वॉझ्नियाकनें चिप घेतली, थोड्याशा फेरफारानें आपल्या नकाशांत बसविली, आणि १९७६ सालीं 'ॲपल' संगणकाचा पहिला अवतार प्रकट झाला. त्यासाठीं स्टीव्ह जॉब्ज या मित्रानें आपली मोटारगाडी विकली आणि वॉझ्नियाकनें आपलें आवडतें हिशेबयंत्र. किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट. परंतु त्या पैशांत मिळे ती फक्त जोडलेली पाटी. पेटी, कळफलक, विजेचा ट्रान्सफॉर्मर आणि दूरचित्रवाणीचा संच ज्याचा त्यानें आणावा. सुमारें २०० पाट्याच तयार झाल्या.

इंग्लंडांत सिंक्लेअर कंपनीनें १९८१ सालीं 'झेडएक्स-८१' हा संच ५० पौंडांच्या आंत देऊन स्वस्ताईची परमावधि केली. त्या कथेंत आज शिरत नाहीं.

आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतों, त्याचा वंश मात्र दुसऱ्या घराण्यांतला. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं बलाढ्य आयबीएम कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारांत आणला. एवढी मोठी कंपनी; पण घाई होती, म्हणून तिनेंहि माझ्या नातीसारखाच कागद मांडला आणि इतरांचे तयार भाग घेऊन यंत्र जुळविलें. प्रोसेसर निवडतांना इंटेलच्या ८०८६ ऐवजीं ८०८८ घेतला. तो आंतून ८०८६ इतकाच रुंद. पण बाहेर ये-जा करण्यास १६ ऐवजीं ८ च वाटा. त्यामुळें वेग थोडा घटला, परंतु भोंवतालचे सारे जोडभाग स्वस्तांतले चालूं लागले. काटकसर करावी ती अशी. दुसरी गोष्ट अशी कीं, आयबीएमनें यंत्राचे नकाशे पुस्तकांत छापून विक्रीस ठेवले. यंत्र जागें करणारी 'बायॉस' ही आज्ञावली तेवढी हक्काची राहिली. तीहि इतरांनीं नक्कल न करतां, स्वतंत्रपणें नव्यानें लिहून काढली. मग कोणाचाहि मदरबोर्ड, कोणाचीहि स्मृति, कोणाचीहि पेटी एकमेकांत बसूं लागली. १९९५ मध्यें इंटेलनें 'एटीएक्स' हें माप ठरवून दिलें. पेटीला पाडलेल्या भोंकांत मदरबोर्डाचे स्क्रू आजहि नेमके बसतात, तें या मापामुळें.

हे भाग आपल्याकडे पोंचले ते सावकाश. १९८४ च्या संगणकविषयक धोरणानें दार किलकिलें झालें, १९९१ नंतर तें उघडलें, आणि १९९७ पासून जागतिक करारान्वयें आयातकर क्रमाक्रमानें उतरले. मुंबईस ग्रँटरोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीस नेहरू प्लेसमध्यें सुट्या भागांच्या पेठा फुलल्या. कंपनीचें नांव नसलेल्या यंत्राला 'असेंबल्ड' म्हणूं लागले, आणि मध्यमवर्गीय घरांतला पहिला संगणक बहुधा हाच असे.

आमच्या घरीं तो १९९९ सालीं आला. माझ्या मुलासाठीं, म्हणजे या नातीच्या वडिलांसाठीं. यादी मींच केली होती. त्या वेळीं 'सेलेरॉन' या स्वस्त प्रोसेसराची चर्चा होती. १९९८ च्या एप्रिलांत इंटेलनें तो काढतांना आंतली जलद स्मृति साफ वगळली, तेव्हां लोकांनीं नाकें मुरडलीं. ऑगस्टांत ती थोडीशी परत घालून '३००ए' आला, आणि चौकस मंडळींना आढळलें कीं बोर्डाची चाल ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली तर तो ३०० ऐवजीं ४५० च्या वेगानें धांवतो. हें ऐकून मी हुरळून गेलों. सारें लक्ष प्रोसेसरावर; बाकी काय वाटेल तें चालेल, असें दुकानदारहि म्हणाला. पेटीबरोबर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरविणारा डबा, फुकट मिळाला. त्यावर वॅटचा आंकडा भला मोठा छापला होता; हातांत घेतां तो हलका लागला, हें मला तेव्हांच खटकावयास हवें होतें.

त्या यंत्रावर मीं एक काम आरंभिलें होतें. आमच्या घरीं आजोबांच्या वेळचा मोडी पत्रांचा रुमाल आहे. मला मोडी येत नसे. इतिहास शिकविणाऱ्या मास्तरास हें सांगतांना संकोच वाटतो. वडील शेजारीं बसून वाचीत आणि मी बाळबोधांत टिपून घेई. दोन हिवाळ्यांत ऐंशीच्या वर पत्रें उतरलीं. २००१ च्या चैत्रांत वडील वारले. त्याच आषाढांत एका संध्याकाळीं वीज जाऊन परत आली, त्या डब्यांतून धूर निघाला, आणि त्यानें मदरबोर्डाबरोबर हार्ड डिस्कहि नेली. दुसरी प्रत मीं ठेविली नव्हती. दुकानदारास दोष देऊन काय होणार? पंधराशें रुपये मीं आपल्या हातानें वांचविले होते.

तेव्हां नातीच्या कागदावर माझें बोट पहिल्यानें गेलें तें एसएमपीएसच्या ओळीवर. "यांतून एक पैसा कापूं नकोस," असें मीं बजावलें. तिनें वेगळें ग्राफिक्स कार्ड काढून टाकलें. चित्र दाखविण्याची शक्ति अंगींच असलेला प्रोसेसर घेतला म्हणजे तूर्त भागतें, आणि कार्ड पुढें केव्हांहि खोंचतां येतें, हा तिचा युक्तिवाद मला पटला. मदरबोर्ड मात्र असा निवडला कीं त्याच्या खांचेंत पुढील प्रोसेसरहि बसावेत. एएमडी कंपनीनें २०१६ सालीं काढलेली 'एएम४' ही खांच कित्येक वर्षें टिकली आणि लोकांचे पैसे वांचले, हें उदाहरण तिला पाठ होतें. काचेची, रंगीत दिव्यांची पेटी सोडून साधी घे, असें मीं सुचविलें. तेथें मात्र माझें चाललें नाहीं. एक हजाराची तूट शेवटीं माझ्या पेन्शनीवर पडली.

यंत्र पहिल्याच खेपेस सुरूं झालें. सुटी संपल्यापासून तिनें दुपारचे दोन तास मला तोडून दिले आहेत. मोडीची बाराखडी शेजारीं उघडी ठेवून मी रुमालांतलें एकेक पत्र लावीत बसतों. आजवर चौदा झालीं. प्रत्येक पत्र पुरें होतांच त्याची दुसरी प्रत ती निराळ्या डिस्कवर काढते, आणि ती डिस्क माझ्या कपाटांत कुलपांत राहते.