मुष्टियुद्ध, मध्यम वजनगटातील : श्रेष्ठ मुष्टियोद्धे

व्यावसायिक मुष्टियुद्धातील मिडलवेट अथवा मध्यम वजनगटाची कमाल मर्यादा १६० पौंड (सु. ७२.६ किग्रॅ.) आहे. जड वजनगटाची ताकद व हलक्या वजनगटांची चपळाई या दोहोंचा मेळ येथे आढळतो. त्यामुळे या गटातील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण, हा वाद शंभरांहून अधिक वर्षे चालू आहे. या वादातील बराचसा गोंधळ निकष निश्चित न केल्याने होतो. एखाद्याचे एकूण कौशल्य मोजावयाचे, की केवळ याच वजनगटातील कामगिरी मोजावयाची, यावर क्रम पालटतो. प्रस्तुत विवेचनात दुसरा निकष ग्राह्य मानला आहे.

या गटातील प्रारंभीचा सर्वमान्य जगज्जेता जॅक डेम्प्सी हा होय (पुढे जड वजनगटात गाजलेला त्याच नावाचा मुष्टियोद्धा वेगळा). १८९१ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे बॉब फिट्‌झसिमन्सने त्याचा पराभव केला. फिट्‌झसिमन्सने १८९७ मध्ये जड वजनगटाचेही जगज्जेतेपद मिळविले. तथापि त्याची थोरवी मुख्यतः त्या दुसऱ्या गटात आहे. स्टॅन्ली केचेल (१८८६–१९१०) याला जुन्या समीक्षकांनी अग्रस्थान दिले. द रिंग या नियतकालिकाचा संस्थापक नॅट फ्लायशर हाही त्याच मताचा होता. १९०९ मध्ये केचेलने आपल्याहून कितीतरी जड असलेल्या जॅक जॉन्सनला बाराव्या फेरीत खाली पाडले. जॉन्सनने उठून त्याच फेरीत त्याला गारद केले. पुढील वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, केचेलचा खून झाला. त्याच्या लौकिकात अकाली मृत्यूचा वाटा मोठा आहे, हे नाकारता येत नाही.

हॅरी ग्रेब (१८९४–१९२६) याचे मूल्यमापन सर्वांत अवघड आहे. पिट्सबर्गच्या या मुष्टियोद्ध्याने सु. ३०० लढती दिल्या. १९१९ या एकाच वर्षात तो चाळीसहून अधिक वेळा रिंगणात उतरला. त्या काळी अमेरिकेतील अनेक राज्यांत कायद्याने पंचांना गुणांवर निर्णय देण्यास मनाई होती. प्रतिस्पर्धी गारद झाला नाही, तर लढत अनिर्णित समजली जाई आणि विजेता कोण, हे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रावरून ठरे. ग्रेबच्या कारकीर्दीचा फार मोठा भाग अशा वृत्तपत्रीय निकालांनी व्यापलेला आहे. शिवाय त्याच्या एकाही लढतीचा चित्रपट उपलब्ध नाही. असे असूनही दोन गोष्टी निर्विवाद आहेत. पुढे जड वजनगटाचा जगज्जेता झालेल्या जीन टनीला व्यावसायिक कारकीर्दीत हरविणारा (१९२२) तो एकमेव होय. तसेच एका डोळ्याची दृष्टी गेल्याचे लपवून तो कित्येक वर्षे लढला व १९२३ मध्ये जगज्जेता झाला. त्या काळातील अनेक श्वेतवर्णी विजेत्यांप्रमाणे त्याने कृष्णवर्णी प्रतिस्पर्ध्यांना टाळले नाही. १९२६ मध्ये त्याचे अजिंक्यपद हिरावून घेणारा टायगर फ्लॉवर्स हा या गटातील पहिला कृष्णवर्णी जगज्जेता ठरला.

हे औदार्य सार्वत्रिक नव्हते. १९४० च्या दशकात चार्ली बर्ली, होल्मन विल्यम्स, लॉइड मार्शल यांसारख्या अव्वल कृष्णवर्णी मुष्टियोद्ध्यांना जगज्जेतेपदाची लढत कधीच मिळाली नाही. दुसऱ्या महायुद्धात जगज्जेता टोनी झेल नौदलात असल्याने अजिंक्यपद काही वर्षे गोठविले गेले, हे एक कारण; पण मुख्य कारण म्हणजे त्यांच्याशी लढण्यात धोका अधिक व उत्पन्न कमी होते, आणि वर्णभेदामुळे त्यांची बाजू मांडणारे वजनदार व्यवस्थापक नव्हते. बर्लीने १९४४ मध्ये आर्ची मूरला गुणांवर हरविले. तोच मूर पुढे लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला. बर्लीने मात्र पिट्सबर्गमध्ये कचरा गोळा करण्याची नोकरी केली. केवळ जगज्जेत्यांचीच गणना करणारी क्रमवारी या अन्यायावर शिक्कामोर्तब करते.

शुगर रे रॉबिन्सन (१९२१–८९) हा सर्व वजनगटांतील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा होय, असे बहुतेक जाणकार मानतात व ते योग्यच आहे. परंतु त्याचा खरा बहर १९४० च्या दशकात, वेल्टर वजनगटात होता. १९५१ मध्ये जेक लामोटाला तेराव्या फेरीत नमवून तो मध्यम वजनगटाचा जगज्जेता झाला आणि हे पद त्याने एकूण पाच वेळा मिळविले. पाच वेळा मिळविणे याचा अर्थ मधल्या काळात ते गमावणे असाही होतो : टर्पिन, फुल्मर, बॅझिलिओ व अखेर पेंडर यांनी त्याला हरविले. १९५७ मध्ये फुल्मरला एकाच डाव्या ठोशाने गारद करणारा रॉबिन्सन तेव्हा छत्तिशीत होता, हे ध्यानात घेतले तरी या गटापुरते त्याला ग्रेबच्या खालीच ठेवावे लागते.

सातत्याचा निकष लावल्यास अर्जेंटिनाचा कार्लोस मॉन्सॉन (१९४२–९५) सर्वांवर मात करतो. १९६४ नंतर तो कधीही हरला नाही. १९७० मध्ये रोम येथे बेनव्हेनूतीला नमवून मिळविलेले पद त्याने १४ वेळा राखले व १९७७ मध्ये विजेता म्हणूनच निवृत्ती पतकरली. त्याचे काही नामवंत प्रतिस्पर्धी, उदा., ग्रिफिथ व नापोलेस, मूळचे वेल्टर गटातील होते, हा आक्षेप रास्त आहे. जोडीदार स्त्रीच्या हत्येबद्दल १९८९ मध्ये त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या गौरवलेखांत ही बाब बहुधा ओझरती येते.

मार्व्हिन हॅगलर (१९५४–२०२१) याने १९८० मध्ये लंडन येथे ॲलन मिंटरकडून जगज्जेतेपद मिळविले व ते १२ वेळा राखले. टॉमस हर्न्सबरोबरची त्याची १९८५ मधील लढत तीन फेऱ्यांतच संपली. या गटात तिच्याइतकी तुंबळ लढत विरळाच. १९८७ मध्ये शुगर रे लेनर्डविरुद्ध पंचांच्या विभागलेल्या मताने झालेला त्याचा पराभव आजही विवाद्य आहे. ग्रेब, मॉन्सॉन, रॉबिन्सन व हॅगलर असा क्रम यावरून लागतो. मॉन्सॉन व रॉबिन्सन यांतील अंतर मात्र अत्यल्प आहे.

त्यानंतरच्या काळात नियामक संघटना वाढल्या, एकाच गटात एकाच वेळी अनेक ‘जगज्जेते’ दिसू लागले आणि अजिंक्यपद राखल्याच्या आकड्यांचे मोल घटले. बर्नार्ड हॉपकिन्सने १९९५ ते २००५ या काळात २० वेळा पद राखले. त्यांपैकी २००१ मधील त्रिनिदादवरील विजय हाच खऱ्या अर्थाने संस्मरणीय आहे. कझाकस्तानच्या गेनादी गोलोव्हकिनने २०१८ मध्ये त्या आकड्याशी बरोबरी केली; तथापि आल्व्हारेझबरोबरच्या तीन लढतींत एक बरोबरी व दोन पराभव त्याच्या वाट्यास आले.