जागल्यास कोण राखणार ?

आमच्या जुन्या गांवगाड्यांत रात्रीं पहारा करणारास जागल्या म्हणत. संस्थेच्या आंत राहून तिचा गैरव्यवहार उजेडांत आणणारासही हल्लीं हीच संज्ञा देतात. परंतु गांव आपल्या जागल्यास पोशीत असे. या नव्या जागल्यास कोण राखतें, हें स्टॅन्ले अॅडॅम्स यांच्या हकीकतीवरून पाहावें.

स्वित्झर्लंडांतील बाझल येथील हॉफमन-ला रोश ही औषधांची कंपनी व्हिटॅमिनांच्या व्यापारांत अग्रगण्य होती. मोठ्या गिऱ्हाइकांनीं आपल्याकडूनच माल घ्यावा म्हणून ती त्यांस खास सूट देई, आणि प्रतिस्पर्ध्यांचा मार्ग खुंटे. १९७३ च्या फेब्रुवारींत कंपनीचेच एक अधिकारी अॅडॅम्स यांनीं हें सर्व ब्रुसेल्स येथील युरोपीय आयोगास कळविलें व आपलें नांव गुप्त ठेवण्याची विनंती केली.

पुढें तपासांत आयोगानें कंपनीच्या हातीं जे कागद दिले, त्यांवरूनच कंपनीस त्यांचा माग लागला. नोकरी सोडून इटलींत राहिलेले अॅडॅम्स १९७४ च्या अखेरच्या दिवशीं स्वित्झर्लंडांत येतांच पकडले गेले. आरोप आर्थिक हेरगिरीचा ! ते कोठडींत असतांनाच त्यांच्या पत्नीनें आत्महत्या केली. १९७६ सालीं त्यांस एक वर्षाची शिक्षा झाली. मात्र तिची अंमलबजावणी तहकूब राहिली. त्याच सालीं आयोगानें कंपनीस दंड ठोठावला. म्हणजे एकच माहिती एका ठिकाणीं पुरावा ठरली, तर दुसऱ्या ठिकाणीं गुन्हा !

युरोपीय न्यायालयानें १९७९ सालीं दंडाची रक्कम कमी केली, पण कंपनीचा दोष कायम ठेवला. १९८५ सालीं त्याच न्यायालयानें, धोका कळूनही अॅडॅम्स यांस सावध केलें नाहीं, म्हणून आयोगास जबाबदार धरलें. परंतु त्यांनींही पुरेशी सावधगिरी बाळगली नाहीं, असें म्हणून भरपाई निम्म्यावर आणली.

कंपनीनें मात्र यापासून बोध घेतला नाहीं. इतर उत्पादकांशीं संगनमत करून व्हिटॅमिनांचे भाव ठरविल्याबद्दल २००१ सालीं आयोगानें तिला ४६ कोटी २० लक्ष युरोंचा दंड केला. माहिती देणारांच्या संरक्षणाचा व्यापक निर्बंध युरोपीय संघानें केला तो २०१९ सालीं.

कंपनीनें सूड घेतला, यांत नवल नाहीं. आम्हांस खरी खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ज्या सत्तेनें सत्याचा लाभ घेतला, तिनेंच तें सांगणारास उघड्यावर सोडलें. जागल्याची हांक ऐकून चोर पकडणें हें अर्धेंच कर्तव्य होय. त्याच्या पाठीशीं उभें राहणें हें उरलेलें अर्धें.