आरोग्यशिक्षणाचे अर्थसाहाय्य : पसंतीक्रमात ठरणारी शिष्यवृत्ती

शिष्यवृत्तीचा शोध बहुतेक घरांत प्रवेश झाल्यावर सुरू होतो. वैद्यकीय आणि परिचर्या शिक्षणापुरता तरी हा क्रम चुकीचा आहे. महाराष्ट्रात शुल्काचे साहाय्य विद्यार्थ्याची जात, उत्पन्न आणि लिंग पाहून ठरते हे खरे. पण तितकेच ते त्याने घेतलेल्या जागेवरून ठरते. त्यामुळे प्रवेशफेरीत पसंतीक्रम भरला, की निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाचे उदाहरण घेऊ. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. विनाअनुदानित महाविद्यालयांतील जागाही त्यात आल्या. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा वगळलेला आहे, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही. आता समान उत्पन्नाच्या दोन मुलींची कल्पना करा. एकीने राज्याच्या फेरीतून खासगी महाविद्यालय घेतले, दुसरीने दिल्लीहून चालणाऱ्या समुपदेशनातून खासगी अभिमत विद्यापीठ. पहिलीचे शिक्षण शुल्क शासन भरते. दुसरीचा बाप जमीन विकायला काढतो. दोघींच्या गरजेत काडीचाही फरक नव्हता.

मुलांसाठी हिशेब वेगळा आहे. खुल्या प्रवर्गातल्या ८ लाखांच्या आतील कुटुंबाला राजर्षी शाहू महाराज योजनेतून साधारण निम्मे शिक्षण शुल्क मिळते. अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही या साऱ्यांत जुनी, १९४४ पासूनची. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. मर्यादा ओलांडणाऱ्यांसाठी राज्याची फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, असते. अर्ज बहुतांशी राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरच.

शुल्क सुटले तरी जगणे सुटत नाही. खोली, खानावळ, पुस्तके, परिचर्येच्या विद्यार्थिनीचा गणवेश यांचा खर्च दर महिन्याला समोर उभा राहतो, आणि माझ्या मते गळती इथेच होते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासाठी तिची वार्षिक रक्कम ६०,००० रुपये ठरली होती. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पुण्याची विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून गरजू मुलामुलींच्या राहण्या-जेवण्याची सोय करत आली आहे. अशा संस्थांकडे शिष्यवृत्तीइतक्याच गांभीर्याने अर्ज करायला हवा.

वेळेचा प्रश्न मात्र कोणतीच योजना सोडवत नाही. खर्च आधी होतो, पैसे मागून येतात. ही दरी शैक्षणिक कर्जाने भरता येते. २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण लागत नाही आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. पण ती निवडक दर्जेदार संस्थांपुरतीच आहे. म्हणजे इथेही प्रश्न पुन्हा जागेचाच.

शासकीय एमबीबीएसच्या कमी शुल्कामागे बंधपत्र असते : शिक्षणानंतर एक वर्ष शासकीय सेवा. ग्रामीण आरोग्य केंद्रांची गरज पाहता मला ही अट न्याय्य वाटते. तरी ती साहाय्याची किंमत आहे आणि घरच्यांनी ती आधीच मोजलेली बरी.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, अधिवास आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढे ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या निकालाआधी हातात असावे. वैधतेला तर महिने लागतात. पण सगळा भार विद्यार्थ्यावर का? पसंतीक्रमाच्या यादीत शासनाने प्रत्येक महाविद्यालयापुढे त्या जागेला कोणती योजना लागू आहे आणि सवलत वजा जाता वर्षाला किती भरावे लागेल, एवढे दोन रकाने छापावेत. ती माहिती शासनाच्याच दोन विभागांत आज वेगवेगळी पडून आहे.